पंधरा द्राक्षं

सात वर्षं माझ्या हातचा डबा एका फळवाल्यानं खाल्ला, आणि माझ्या नवऱ्याचा एक डोळा गेला. दुसरा अर्धामुर्धा उरलाय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं, भर रस्त्यात, चार माणसं थांबून बघायला लागतील एवढ्या आवाजात.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. सत्तावीस वर्षं झाली. स्वयंपाकघर तळघरात आहे, खिडक्या छताजवळ, त्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. मी पथ्याच्या टेबलावर असते. डाव्या हाताला वजनकाटा, उजव्या हाताला सुरी, समोर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पांढरी चिठ्ठी म्हणजे साधं जेवण, निळी म्हणजे मूत्रपिंडवाले, पिवळी म्हणजे साखरवाले. सगळे मला ग्रॅमबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात. मला राग येत नाही, उलट बरंच वाटतं. माझ्या टेबलावरून गेलेल्या ताटाला सत्तावीस वर्षांत कुणी बोट लावून दाखवलेलं नाही.

पिवळ्या चिठ्ठीच्या ताटात फळ असतं. नव्याने लागलेल्या पोरी दचकतात. "बाई, शुगरवाल्याला फळ?" मी त्यांना पहिल्याच दिवशी पाठ करून घेते. द्राक्षं मोजायची, बाकी सगळं तोलायचं. द्राक्षं पंधरा. आंबा शंभर ग्रॅम, साल आणि कोय सोडून. केळं लहान असेल तर एक, मोठं असेल तर अर्धं. रिकाम्या पोटी नाही, जेवणासोबत. फळ वाढलं की त्याच ताटातला भात त्या मानानं कमी करायचा, फळ फुकटात येत नाही. रस काढायचा नाही, रस पोटात गेला की साखर धावत सुटते. रस द्यायचा तो एखाद्याची साखर एकदम खाली आली, घाम फुटला, हात कापायला लागले तर, आणि तेव्हा तो औषध म्हणून. पोरी मान डोलावतात. आठवडाभरात त्यांचे हात बसतात.

आणि माझ्या स्वतःच्या घरात नऊ वर्षं फळ आलं नाही. लिंबू सोडून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

माझे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खुर्ची, एक टेबल आणि त्यांच्यात अडकलेला माणूस. डोळ्याला भिंग लावून बसले की बाजूला भूकंप झाला तरी मान वर व्हायची नाही. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक स्क्रू चिमट्यात धरायचे आणि श्वास रोखून जागेवर बसवायचे. मला म्हणायचे, "तू ग्रॅम मोजतेस, मी त्याच्याही खालचं." बाकी कशाचा गर्व नव्हता त्यांना. घड्याळ चालू झालं की कानाशी धरून एकटेच हसायचे.

आणि फळांचं वेड. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला भेटायला येताना हा माणूस फुलं नाही, कागदाच्या पिशवीतून द्राक्षं घेऊन यायचा. खायची पद्धतही ठरलेली. घडातली बारकी आधी, मग मधली, आणि सगळ्यात टपोरं शेवटी. ते शेवटचं स्वतः खायचे नाहीत. माझ्यापुढे धरायचे. मी लाजून घ्यायचे. होय, मीही लाजायचे एके काळी.

साखर निघाली तेव्हा ते सेहेचाळीसचे होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि एक कागद दिला. काय खायचं, किती खायचं. मी तो कागद दवाखान्याच्या पायरीवरच वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. मला कोण शिकवणार! त्याच संध्याकाळी घरातली केळी शेजारी देऊन टाकली आणि सांगितलं, "आजपासून फळ बंद."

"अगदी बंद?"

"अगदी बंद. पाय कापलेली माणसं मी रोज बघते. मला माझ्या घरात तसलं काही नको."

यात खोटं काही नव्हतं. कधी माणूस कमी असला की मी स्वतः गाडी घेऊन वर वॉर्डात जाते, आणि चादरीखाली जिथे पाऊल असायला हवं तिथे चादर सपाट दिसते. भीती खरीच होती. पण दुसरीही एक गोष्ट खरी होती, ती मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही. ती पुढे सांगते.

माझ्या नणंदेनं एकदा टोपलीभर आंबे आणले. भावाला आवडतात म्हणून लांबून, मांडीवर टोपली घेऊन आली होती बिचारी. मी दारातूनच परत पाठवले. ती म्हणाली, "अगं वहिनी, एक फोड तरी." मी म्हटलं, "एका फोडीनंच सुरुवात होते." ती आजही माझ्याशी तोडून बोलते. यजमान तेव्हा आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

दर तीन महिन्यांनी मी त्यांना कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला न्यायची. आकडा नेहमी बरा. एकशे दहा, एकशे पंधरा, फार तर एकशे वीस. मी तो कामावर सांगायची. "आमच्याकडे बघा. कडक पथ्य असलं की असं होतं." डॉक्टर दर वेळी आणखी दोन गोष्टी लिहायचे, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्यांची. मी म्हणायची, कशाला? उपाशीपोटीचा आकडा सोन्यासारखा येतोय, मग उगाच खाजवून खरूज कशाला काढायची? डॉक्टर सरकारी दवाखान्यातले, त्यांच्या दारात साठ माणसं उभी. तेही पुढचं नाव पुकारायचे.

डबा रोज रिकामा यायचा. घासून पुसून चाटल्यासारखा. मी कामावर निघण्याआधी पहाटे उठून करायची, भाजी, कडधान्य, उकडलेलं अंडं, बेताचा भात. संध्याकाळी ते सांगायचे, "आज मीठ जरा कमी पडलं बरं का." नाहीतर, "कालची घेवड्याची भाजी झकास होती, पुन्हा कर." मी मनावर घ्यायची. मीठ चिमूटभर वाढवायची, घेवडा पुन्हा आणायची. इतकी वर्षं संसार करून नवरा अजून भाजीचं कौतुक करतो, हे सुख काय कमी आहे! कामावरच्या बायका मला हसून म्हणायच्या, "ग्रॅमबाई, तुमचे यजमान म्हणजे लाखात एक." मी वरवर "असू दे, असू दे" म्हणायची.

मग गेल्या वर्षी एका सकाळी ते चष्मा पुढे करून म्हणाले, "काचेवर काळं काहीतरी पडलंय. पूस गं जरा."

मी पदरानं पुसली. त्यांनी लावला, काढला. "अजून आहे." मी साबणानं धुतली. "अजून आहे. कोळ्याचं जाळं असावं तसं." तिसऱ्यांदा मी काच उजेडात धरली. काचेवर काही नव्हतं. मी चष्मा हातात घेऊन तशीच उभी राहिले. काळं कुठे पडलंय ते मला कळलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी थेंब घातले, अंधार केला, बराच वेळ आत पाहिलं. मग दिवा लावून मला म्हणाल्या, "डाव्या डोळ्याच्या आत रक्त उतरलंय. पडदा सुटत आलाय. उजव्यातही जुनं नुकसान आहे. हे एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षं चालू आहे. शुगर किती असते?"

मी ताठ मानेनं फाइल पुढे केली. एकशे दहा, एकशे पंधरा, एकशे वीस.

त्यांनी पानं उलटली. "सरासरीची तपासणी कुठाय?"

ती त्याच दिवशी केली. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला, साडेअकरा. सातच्या आसपास असायला हवं ते साडेअकरा. मी म्हटलं, रिपोर्ट बदलला असणार. लॅबवाल्याशी भांडले. त्यानं पुन्हा रक्त घेतलं. साडेअकराच.

"शक्यच नाही," मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "नऊ वर्षं यांच्या तोंडात फळाची फोड गेलेली नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे बुटाच्या टोकाकडे बघत होते.

"फळ कुणी बंद केलं?" त्यांनी विचारलं.

नऊ वर्षांपूर्वीचा तो पहिला कागद फाइलमध्ये सगळ्यात मागे लावलेला होता. मीच लावला होता, मी कागद फेकत नाही. त्यांनी तो काढून वाचला आणि माझ्यासमोर सरकवला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, फळ, दिवसातून एकदा, मोजून, जेवणासोबत. ती ओळ मला माहीत होती. ती ओळ मला पाठ होती. रोज दीडशे ताटांवर मी तीच ओळ वाढत होते.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काही उपयोग झाला नाही. उजव्याला लेझर दिलं, सुया दिल्या. तो जिथे आहे तिथे थांबला. त्यातून माणूस दिसतो, माणसाचं तोंड दिसत नाही. स्क्रू तर सोडाच. एका गिऱ्हाईक बाईचं नाजूक घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं होतं, ते दुसऱ्या कारागिराकडे द्यावं लागलं. ते दिलं त्या दिवशी यजमान जेवले नाहीत.

दुकान रिकामं करायला मीच गेले. चिमटे, भिंगं, छोट्या छोट्या डब्या. शेजारी फळवाल्याची गाडी, दुकानाच्या भिंतीला टेकूनच. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन वेळा खाणावळीत गिळायचा. मला बघितल्यावर तो उठून उभा राहिला. डोळे भरून आले होते त्याचे.

"वहिनी, माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे काय?"

"मला कुठे माहीत होतं हो! ते म्हणाले, घरचं खाऊन खाऊन कंटाळा आलाय. म्हणाले, डबा तू खा, मला फळं दे. रोज एक वाजता अदलाबदल. सात वर्षं." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, माझं मन राखायला म्हणून त्यानं पुढे जोडलं, "तुमच्या हाताला फार चव आहे, वहिनी. ती घेवड्याची भाजी तर..."

तेव्हा मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा डबा तू गिळलास, आणि मीठ कमी आहे हेही तूच सांगत होतास? सात वर्षं मी तुझ्या जिभेसाठी पहाटे उठत होते? वरून मलाच तोंड वर करून सांगतोस? माणसं थांबली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी माझाच आवाज बसला, आणि मी त्याच्या पालथ्या क्रेटवर बसले. त्यानं मला पाणी दिलं.

"किती द्यायचात त्यांना?" मी विचारलं. सवय! मला सगळ्यात आधी वजनच विचारायला सुचलं.

"अर्धा किलो. द्राक्षं असली की कधी पाऊण. आंब्याच्या दिवसांत चार-चार आंबे. ऊन फार असलं की रस मागायचे, मोठा ग्लास."

"रिकाम्या पोटी."

"डबा तर मी खायचो ना, वहिनी."

"आणि मध्ये कधी बंद असायचं?" मी विचारलं. "दर तीन महिन्यांनी दोन-तीन दिवस काही घ्यायचे नाहीत. म्हणायचे, परवा परीक्षा आहे, आज अभ्यास." तेवढ्यानं माझा उपाशीपोटीचा आकडा सोन्यासारखा यायचा. साहेब येणार म्हणून आवरलेल्या ऑफिससारखा. कुठेतरी पाणी मुरतंय हे जगातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं, मला कळलं नाही. मला माझ्या पथ्याची फार घमेंड होती.

मी उठले. टेबलाचा खण तेवढा रिकामा करायचा राहिला होता. त्यात जुने पट्टे, घड्याळाचा एक तुटका काटा, आणि तळाशी, खणाच्या लाकडाला चिकटून गेलेली एक पिवळी चिठ्ठी. आमच्या इस्पितळाची. वॉर्ड, खाट नंबर आणि खाली माझ्याच अक्षरात, द्राक्षं १५.

फळवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. "हां, ही," तो म्हणाला. "सुरुवातीला ही समोर ठेवूनच खायचे. मोजून पंधरा. मी म्हणायचो, अहो साहेब, डब्याच्या बदल्यात पंधराच? घड घ्या पुरा. तर म्हणायचे, नाही, पंधराच बसतात. आणि तेव्हा डब्यातलंही थोडं स्वतः खायचे, थोडं मला द्यायचे. महिना-दीड महिना असं चाललं. मग एक दिवस चिठ्ठी खणात टाकली. म्हणाले, चोरीच करायची, तर पंधरा काय आणि पन्नास काय."

चिठ्ठी त्यांच्याकडे कशी आली ते मला तिथेच, उभ्या उभ्या आठवलं. सात वर्षांपूर्वी मी एकदा घराची किल्ली घरीच विसरले होते. ते ती द्यायला दुपारी इस्पितळात आले. तळघराच्या दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन, परक्या ठिकाणी उभे राहतात तसे. ताटांची गाडी त्यांच्यासमोरून बाहेर पडत होती, प्रत्येक ताटावर त्याची चिठ्ठी; त्यातलीच एक त्यांनी उचलली असणार. मी म्हटलं, "थांबू नका, मला वेळ नाही." ते गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं होतं, "ती पिवळी चिठ्ठी शुगरवाल्यांची ना?"

"हो."

"त्यांना द्राक्षं चालतात?"

आता ती दुसरी खरी गोष्ट सांगते. दिवसाला दीडशे ताटं. दीडशे वेळा सोला, कापा, तोला, मोजा. घरी आल्यावर मला सुरी हातात धरवत नव्हती. त्यांना मोजून द्यायचं म्हणजे रोज आणायचं, कापायचं, त्यांच्या ताटातला भात त्या मानानं कमी करायचा, दोन तासांनी बोटाला टोचून बघायचं, आज चुकलं तर उद्या बदलायचं. आणि "नाही" म्हणायला काय लागतं? एक शब्द. मी कष्ट वाचवले आणि त्याला पथ्य म्हटलं. परक्यांना देताना मी थकत नव्हते, कारण तिथे कुणीतरी बघत होतं. घरी कोण बघणार!

पण तेव्हा मी हे म्हटलं नाही. मी म्हटलं, "ते डॉक्टरांच्या नजरेखाली असतात. तुमच्यावर कोण नजर ठेवणार? मी? मला काय तेवढंच काम आहे?"

ते म्हणाले, "बरं." भात कालवत राहिले. नंतर त्यांनी फळाचं नाव काढलं नाही, आणि मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

मी चिठ्ठी घेऊन घरी आले. ते खिडकीशी बसले होते, जिथे हल्ली दिवसभर बसतात. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी चाचपली, कागदाचा पिवळेपणा बोटांना थोडाच कळतो, पण त्यांना कळलं.

"सापडली होय," ते म्हणाले.

"मला सांगायचंत ना!"

"काय सांगायचं?"

"की मला पंधरा दे. म्हणायचंत, तू लोकांना देतेस, मलाही दे. भांडायचंत."

"विचारलं होतं गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, मला रागाला उत्तर देता येतं. "एकदा विचारलं होतं. मग दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. एवढा बाप्या माणूस, बायकोकडे द्राक्षं मागतोय."

"आणि चोरून खायची लाज नाही वाटली?"

"तिची तर रोज वाटायची. म्हणूनच भराभर खायचो."

आमची लेक दुसऱ्या गावाहून आली होती, ती दारात उभी राहून ऐकत होती. तिचा बापावर जरा जास्तच जीव. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, तू बाबांना कधी उपाशी ठेवलं नाहीस. पण मागायची सोयही ठेवली नाहीस." मी तिला म्हटलं, तू मला शिकवू नकोस. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

डॉक्टरीणबाईंना मी पुढच्या खेपेला सरळच विचारलं. "फळांनी गेला का डोळा?" त्या म्हणाल्या, "नुसत्या फळांनी डोळा जात नाही. वर्षानुवर्षं चढलेली साखर, जेवण सोडून एकदम अर्धा किलो गोड, वर रस, न केलेल्या तपासण्या. सगळं मिळून जातो. दोन वर्षं आधी आला असतात, तर बराचसा वाचवता आला असता." त्या मला दिलासा देत होत्या की शिक्षा सुनावत होत्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या सगळ्या यादीत नवऱ्याच्या वाटणीचं किती आणि माझ्या वाटणीचं किती, हे मी पुष्कळदा तोलून बघितलंय. काटा एका जागी थांबत नाही.

आता आमच्या ओट्यावर काटा आहे. कामाच्या ठिकाणी आहे तसाच. रोज, सुटी असेल तेव्हा दुपारच्या आणि एरवी संध्याकाळच्या जेवणाला, मी फळ कापते. पपई, आंबा, अर्धं केळं. भात त्या मानानं कमी. दोन तासांनी त्यांचं बोट टोचते, आकडा वहीत लिहिते. चार महिन्यांत सरासरी साडेसातवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, किती सोपं होतं!" पोर आहे ती.

ते सगळं मुकाट्यानं खातात. पहिल्या दिवशी विचारलं, "किती ग्रॅम?" मी सांगितलं, शंभर. "बरं," म्हणाले. औषधाची गोळी घ्यावी तशी एकेक फोड तोंडात टाकतात. मीठ कमी की जास्त, हे आता ते सांगत नाहीत. मी विचारते, तर म्हणतात, "बरोबर आहे." सात वर्षांत त्यांच्या जिभेला माझ्या डब्याची ओळखच राहिलेली नाही.

फळवाला अजून येतो अधूनमधून. दारात पिशवी ठेवतो आणि आत न येता जातो. परवा त्यानं द्राक्षं ठेवली होती. या मोसमातली पहिली.

जेवण वाढलं. वाटीत पंधरा मोजून ठेवली आणि वाटी त्यांच्या हाताशी सरकवली. त्यांनी बोटं आत घातली आणि थांबले. मग हळूहळू एकेक चाचपायला लागले. बारकं शोधायचं, तोंडात टाकायचं. मग त्याच्याहून जरा मोठं. डोळ्यांनी जे व्हायचं ते आता बोटांनी चाललं होतं, घड्याळातल्या स्क्रूइतक्या बारकाईनं. गोळीसारखं नाही. चघळून, थांबून, तोंडातलं संपल्यावरच दुसरं. मी ओट्याशी उभी होते, काटा पुसायचं निमित्त करून.

चौदा झाली. ते मागे टेकले.

"गोड आहेत," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून नाही असं, "पोट भरलं बघ. तेव्हाही एवढीच पुरली असती गं."

टोमणा नव्हता तो. घड्याळ उघडून बघितल्यावर सांगायचे ना, याचं एवढंच बिघडलं होतं, तसं सांगितलं त्यांनी. मी पुसलेलाच काटा पुन्हा पुसत राहिले.

मग त्यांनी वाटीतलं शेवटचं, सगळ्यात टपोरं द्राक्ष उचललं आणि समोर धरलं. टेबलापलीकडच्या माझ्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. मी दिसत नव्हते, बोललेही नव्हते, मग मी तिथेच असणार असं धरून ते हात लांब करून बसले होते, थोडंसं हसत.

मी पायांचा आवाज न करता टेबलाला वळसा घातला, त्या खुर्चीत जाऊन बसले, आणि मगच हात पुढे केला.